बल्ब लावलेली तार

नोकरीत पाहिलेल्या बऱ्याच मयतांचे चेहरे आता पुसट झाले आहेत. या माणसाचा चेहराही मला नीट आठवत नाही. त्याचे पाय मात्र आठवतात. पायांवर घोट्यापर्यंत वाळलेला चिखल होता आणि त्याच पायांत व्यवस्थित चढवलेल्या, तळ कोरडा असलेल्या वहाणा होत्या. या प्रकरणातला पुढचा सगळा तपास त्या पायांपासून सुरू झाला.

मी तेव्हा सहायक पोलीस निरीक्षक होतो. भोर-वेल्ह्याचा डोंगरी भाग माझ्याकडे होता. बाहेरच्या लोकांना वाटतं, अशा ठाण्यात पोलिसाला काम काय? पुण्याहून आलेली मंडळी धरणाकाठी दंगा करतात, तो आवरायचा आणि बाकी वेळ डोंगराकडे बघत चहा प्यायचा. तसं असतं तर माझं ब्लडप्रेशर आजही ताळ्यावर असतं. बांधाचे वाद, गुरं वावरात शिरल्याचे वाद, पाण्याचे वाद अशी रोजची हजेरी ठाण्यात असायची. मारामारीपर्यंत गोष्ट गेली तरी बहुतेक वेळा दोन्हीकडचे लोक एकाच टेम्पोतून तक्रार द्यायला येत आणि एकाच टेम्पोतून परत जात.

भाटघरच्या पाण्याच्या कडेला एक गाव आहे. नाव सांगत नाही, त्या गावाला पुरेसा त्रास झाला आहे. खाली भाताची खाचरं, वर डोंगराच्या खांद्यावर धनगरांची वस्ती. भाताच्या लोंब्या भरत आल्या होत्या. सकाळी दुधाच्या टेम्पोवाल्याला ओढ्याजवळच्या गाडीवाटेवर एक माणूस पडलेला दिसला. त्याने पोलीस पाटलाला कळवलं, पोलीस पाटलाने आम्हाला. मयत वरच्या वस्तीतला धनगर होता, पन्नाशीच्या आतला, अंगाने काटक. आदल्या संध्याकाळी चुकलेली कालवड शोधायला खाली उतरला तो परत गेलाच नव्हता. रात्री पाहुण्यांकडे राहिला असेल म्हणून घरच्यांनी शोध घेतला नव्हता.

आम्ही अकस्मात मृत्यूची नोंद केली आणि पंचनामा सुरू केला. जमलेल्या लोकांनी आमच्या आधीच निकाल देऊन टाकला होता: "पान लागलं." म्हणजे साप चावला. माझे हवालदार उतारवयाचे, या भागातले मुरलेले गृहस्थ. ते मयताच्या पायाशी बसले आणि बसूनच राहिले.

"काय झालं, हवालदार?" मी विचारलं.

"साहेब, पाय चिखलानं भरल्यात. वहाणाच्या तळाला मात्र चिखल न्हाई."

मी खाली वाकलो. एका पायातली वहाण काढली. आतून स्वच्छ होती, फक्त वाळलेल्या चिखलाचे दोन-चार पोपडे गळाले होते. ओल्या पायाने वहाण घातली असती तर आत राड झाली असती. म्हणजे चिखल पायावर वाळल्यानंतर वहाणा घातल्या गेल्या होत्या. जिवंत माणसाने शेजारच्या ओढ्यात आधी पाय धुतले असते, आणि मेलेला माणूस उठून वहाणा घालत नाही. पंचांना दाखवून मी तेवढं पंचनाम्यात नीट लिहून घेतलं.

मयताची बायको वस्तीवरून धावत आली होती. आक्रोश ओसरल्यावर मी तिला बाजूला बसवून विचारलं, "बाई, हे चिखलातून जाताना वहाणा कुठं ठेवतात?"

"हातात," ती म्हणाली. "चिखलात वहाणा घालत्यात व्हय कुनी? रुतून तुटत्याल की. आमी समदी हातातच धरतो."

शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी सापाचा विषय निकालात काढला. उजव्या नडगीवर एक लहानसा, राखाडी, कडा कडक झालेला खड्डा होता. तशीच एक पुसट खूण तळपायाला होती. "विजेचा धक्का," डॉक्टर म्हणाले. गाडीवाटेवर तर विजेचा खांबसुद्धा नव्हता. माणूस एका ठिकाणी मेला होता आणि दुसऱ्या ठिकाणी सापडला होता.

त्याच दुपारी ठाण्यातला फोन वाजला. ठाणे अंमलदाराने मला बोलावून रिसीव्हर हातात दिला. पलीकडचा माणूस आवाज दाबून बोलत होता.

"साहेब, वड्याच्या वरल्या अंगाच्या खाचराला तार हुती. आता न्हाई."

"कुणाच्या खाचराला?"

फोन बंद झाला. खेड्यातली खबर अशीच येते. माणसाचं नाव घ्यायचं नाही, वस्तूचं घ्यायचं. उद्या कुणी विचारलं तर शपथेवर सांगता येतं की मी कुणाचं नाव घेतलं नाही.

खाचर सापडायला वेळ लागला नाही. बांधावर गुडघ्याएवढ्या उंचीच्या बांबूच्या खुंट्या रोवलेल्या होत्या आणि प्रत्येक खुंटीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली होती. तार गेलेली, पण रबरावर तिचा चरा ताजा होता. खालच्या पंपाच्या खोपटात स्टार्टरशेजारी लाकडी फळीवर एक होल्डर आणि त्यात शंभर वॅटचा जुना, काचेचा बल्ब. बटण दाबलं तर बल्ब लागेना. हवालदार म्हणाले, गेलेला असेल. मी तो काढून खोपटातल्या दिव्याच्या होल्डरला लावून पाहिला, लख्ख पेटला. मग फळीवरच्या वायरी पाहिल्या तेव्हा लक्षात आलं की हा बल्ब उजेडासाठी नव्हताच. वीज बल्बमधून बाहेर निघून खाचराच्या तारेत जाईल अशी जोडणी होती. सांध्यांवर गुंडाळलेली चिकटपट्टी जुनी, धुळीने काळी झालेली होती. तशीच ती पंचनाम्यात आली, बल्बही सील झाला.

खाचर कुणाचं ते अख्ख्या गावाला माहीत होतं. तो शेतकरी चाळिशी ओलांडलेला, कष्टाळू, थोडा तापट. रानडुकरांनी आदल्या वर्षी त्याचं निम्मं भात लोळवलं होतं. या वर्षी मयताच्या म्हशी दोनदा त्याच्या वावरात शिरल्या होत्या. मयताचा धाकटा भाऊ ठाण्यात येऊन सांगू लागला, "साहेब, डेअरीम्होरं समद्यांच्या देखत बोलला हुता त्यो. परत वावरात दिसलास तर जित्ता जानार न्हाईस म्हनला. खून हाय ह्यो. खुनाचंच कलम लावा, न्हाईतर आमी हितनं उठत न्हाई." त्याच्यामागे सगळी वस्ती ठाण्याच्या आवारात बसली होती. चार साक्षीदारांनी धमकीला दुजोरा दिला.

शेतकऱ्याला आणलं. मी आरोपीला आधी चहा देतो. त्यात दयेचा भाग कमी आणि हिशेबाचा जास्त: कप धरलेला हात खूप काही सांगतो. याने कप दोन्ही हातांनी घट्ट धरला होता, पण तो म्हणत होता, "म्या त्या दिशी घरीच हुतो. तार-बीर काय न्हाई." खुंट्या कशाला? "वाल चढवायला." रबर कशाला? त्याने कप खाली ठेवला.

मग मी त्या वहाणा काढून टेबलावर ठेवल्या.

"ह्या त्याच्या पायात तू घातल्यास. का?"

त्याने वहाणांकडे पाहिलं आणि तो एकदम रडायला लागला. "अनवानी कसा ठिवायचा वो त्येला वाटंवर?" तो म्हणाला.

हळूहळू सगळं बाहेर आलं. तार तो दिवेलागणीला चालू करायचा आणि पहाटे बंद. त्या पहाटे गेला तर बांधावर हा माणूस पालथा पडलेला, थंडगार. वहाणा शेजारी पडलेल्या. तार बेकायदेशीर आहे हे त्याला ठाऊक होतं. भांडण सगळ्यांनी ऐकलेलं होतं. भीतीने त्याने प्रेत खांद्यावर घेतलं, गाडीवाटेवर आणून ठेवलं, तार गुंडाळून लपवली. वाटेवर का, तर लवकर कुणाच्या तरी नजरेस पडावा, कोल्ह्याकुत्र्यांनी तोंड लावू नये. आणि निघता निघता राहवलं नाही म्हणून वहाणा घातल्या.

"म्हणजे तुझ्याच तारेने मेला तो," मी म्हणालो.

तो डोळे पुसून ताठ झाला. "न्हाई साहेब. तेवढं बोलू नका. माज्या तारंनं मानूस मरत न्हाई. बल्ब हाय."

"बल्बाने काय होतं?"

"करंट आदी बल्बात जातू. बल्ब त्येचा समदा जोर खातू. उरलंसुरलं तारंत. डुकराला नुसता झटका बसतू, पळून जातंय. लई जन लावत्यात. डायरेक तार लावनारा मानूस येगळा, म्या तसला न्हाई. सवता हात लावून बगितलाय म्या."

"कसा लावलास? दाखव."

त्याने बोटांची पाठ हवेत टेकवून दाखवली. "असा. नुसत्या मुंग्या आल्या."

"पायात काय होतं?"

वहाणांचा विषय डोक्यात होता म्हणून मी सहज विचारलं, एवढंच. तो म्हणाला, "रबरी चप्पल." मी ते जबाबात घेतलं.

आता माझ्यापुढचा पेच समजून घ्या. मी गावात चौकशी केली. बल्ब लावला की तार माणसाला मारत नाही, याबद्दल लहानथोरांचं एकमत होतं. सरपंच तेच म्हणाले, पंप दुरुस्त करणारा तेच म्हणाला. आणि डॉक्टर म्हणत होते, माणूस विजेनेच मेला. दोन्ही गोष्टी खऱ्या असतील तर तिसरी एकच उरत होती. त्या संध्याकाळी शेतकऱ्याने बल्ब वगळून तार थेट जोडली असणार, माणूस मेल्यावर पुन्हा बल्ब लावला असणार. धमकी होती, भांडण होतं, प्रेत हलवलं होतं. मग हा सरळसरळ खून होता. मयताच्या भावाचं हेच म्हणणं होतं आणि माझ्या वरिष्ठांनाही ते पटत चाललं होतं. म्हणजे ज्या बल्बाच्या भरवशावर तो शेतकरी स्वतःला निर्दोष म्हणत होता, तोच बल्ब त्याला जन्मठेपेकडे नेत होता. आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता.

मला मात्र एक गोष्ट टोचत होती. खोटं बोलणारा माणूस प्रत्येक वेळी थोडं वेगळं बोलतो, प्रश्न बघून उत्तर कापतो. घरी होतो, वालाच्या खुंट्या, हे सगळं तो तसंच बोलला होता. बल्बाबद्दल मात्र त्याला दहा बाजूंनी विचारलं तरी उत्तराचा काना-मात्रा हलत नव्हता. माणूस खरं बोलतोय असं माझं मन म्हणत होतं. पण पोलिसाच्या मनाला कोर्टात कुणी विचारत नाही, आणि विचारूही नये.

मी विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयाला पत्र दिलं. तिथून एक तरुण इंजिनीअर बाई आल्या. कमी बोलणाऱ्या, जीपमधून उतरल्या उतरल्या थेट खोपटाकडे निघाल्या. त्यांच्या मागे आरोपी, दोन पंच, मी आणि हवालदार. पलीकडच्या बांधावर, बोलणं ऐकू येईल इतक्या अंतरावर, मयताची बायको आणि भाऊ उभे होते. भावाला जवळ येऊ दिलं नव्हतं, पण बघायला मी हरकत घेतली नाही.

आधी त्यांनी मला कागदावर समजावलं. "साहेब, बल्ब शंभर वॅटचा, दाब दोनशे तीस व्होल्ट. शंभर भागिले दोनशे तीस, म्हणजे बल्ब पूर्ण पेटलेला असताना त्यातून ०.४३ अँपिअर करंट जातो. आता व्होल्टला करंटने भागा. दोनशे तीस भागिले ०.४३. आला रोध, साधारण पाचशे तीस ओहम. हा बल्ब एवढं अडवतो. बरोबर?"

"बरोबर," मी म्हणालो. शाळेत हे मी घोकलं होतं, समजलं आज.

"ओल्या अंगाच्या, अनवाणी माणसाचा रोध हजार ओहम धरू. कमी-जास्त असतो, पण धरू. दोन्ही मिळून दीड हजार. दोनशे तीस भागिले दीड हजार. दीडशे मिलीअँपिअर. काळजाचे ठोके बिघडायला याच्या निम्म्याहून कमी पुरतो. आणि हे मी बल्बाला पूर्ण मार्क देऊन केलंय."

"म्हणजे?"

त्यांनी सील काढून घेतलेला बल्ब मीटरला लावला. "बघा. थंड असताना रोध किती? जेमतेम चाळीस. बल्ब तापतो तेव्हाच अडवायला लागतो. आणि तापायला त्यातून भरपूर करंट जावा लागतो. तो करंट माणसातूनच जाणार ना?"

मग प्रयोग. पंचांसमोर सगळी जोडणी होती तशी केली. माणसाच्या जागी एक छोटा रोध लावला. "हा एक लाख ओहमचा. कोरडा हात, रबरी चप्पल, कोरडी जमीन, असं समजा." बटण दाबलं. मीटरवर दोन मिलीअँपिअरच्या थोडं वर. बल्ब मेल्यासारखा.

आरोपीचा चेहरा उजळला. तो पंचांकडे वळून म्हणाला, "बगा! म्या म्हनत न्हवतो? मुंग्याच येत्यात नुसत्या."

"बरोबर आहे तुमचं," बाई म्हणाल्या. "तुम्हाला एवढाच बसला होता. आता हे बघा."

त्यांनी छोटा रोध काढला आणि तार गुंडाळलेली चिनी मातीची एक जाड नळी लावली. "ही हजार ओहमची. हा चिखलात उभा असलेला अनवाणी माणूस." बटण दाबलं. मीटरचा आकडा उडी मारून ०.१८ वर गेला. बल्बातली बारीक तार जरा तांबूस झाली, बस्स. बाईंनी नळीच्या दोन टोकांना मीटर लावला: एकशे ऐंशी व्होल्ट. बल्बाच्या दोन टोकांना लावला: पन्नासच्या आत.

"दोनशे तीसपैकी बल्बाने खाल्ले पन्नाससुद्धा नाहीत," त्या म्हणाल्या. "बाकी सगळे माणसावर. एकशे ऐंशी गुणिले ०.१८, म्हणजे बत्तीस वॅट. शंभराचा बल्ब आठ-नऊ वॅट घेतोय आणि माणूस बत्तीस."

आरोपी मीटरऐवजी त्या नळीकडेच बघत होता. त्याला आकडे कळले नसावेत. बाईंच्याही ते लक्षात आलं असावं. त्या म्हणाल्या, "दादा, हात जवळ आणा. लावू नका, नुसता जवळ धरा."

त्याने नळीवर तळहात धरला. क्षणभर धरला, मग झटकन मागे घेतला. परत पुढे केला. नळी चांगलीच तापली होती.

"ही धग त्याच्या अंगात गेली," बाई म्हणाल्या आणि बटण बंद केलं.

आरोपीने हात दुसऱ्या हातात धरून ठेवला होता. मग त्याने जे विचारलं त्याची मी अपेक्षा केली नव्हती.

"ताई, माजी थोरली लेक रोज चिमण्या हाकाया येती हितं. अनवानीच असती. कवा कवा तार बंद कराया मला उशीर व्हतो. तिला लागली असती तर... तिचाबी येवढाच आकडा आला असता?"

"एवढाच," बाई हळू म्हणाल्या. "कदाचित जास्त."

तो होता तिथे चिखलात बसला. हवालदार उठवायला पुढे झाले, मी हाताने थांबवलं. थोड्या वेळाने तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "मंग म्याच मारला त्येला. लिवा साहेब. म्याच मारला."

मी पुष्कळ कबुलीजबाब ऐकले आहेत. काही भीतीने दिलेले, काही थकून, काही कुणाला तरी वाचवायला. गणित पटल्यामुळे दिलेला एवढाच एक. कायद्याने पोलिसासमोरच्या कबुलीला किंमत नाही, हे मला माहीत होतं. तरी त्या दिवशी त्या बांधावर उभं राहून मी ते शब्द माझ्या डायरीत त्याच्याच भाषेत उतरवून घेतले, हेही सांगून टाकतो.

पंचनाम्यावर सह्या घेताना दोघांतला एक पंच चुळबुळ करू लागला. "साहेब, लवकर उरकलं तर बरं हुईल. घरी जायचंय." "एवढी काय घाई?" "काय न्हाई. वावरात एक काम ऱ्हायलंय." सही करून तो जवळजवळ पळालाच. हवालदार माझ्याकडे बघून मिशीत हसले. संध्याकाळी आम्ही त्याच रस्त्याने परतत होतो तेव्हा डोंगराच्या उतारावर ठिकठिकाणी माणसं वाकून तारा गुंडाळताना दिसली. बाया काठ्या उपटत होत्या. आम्ही कुणालाही नोटीस दिली नव्हती. जीप थांबवून नावं घ्यावीत असं एकदा मनात आलं. पण तारा उतरत होत्या, आणि मला तेच हवं होतं. पुढच्या आठवड्यात मात्र आम्ही वीज कंपनीच्या लोकांना घेऊन गावोगाव फिरलो आणि उरलेल्या तारा उतरवल्या.

खुनाचं कलम लागलं नाही. बल्बासकटसुद्धा ती तार माणूस मारू शकत होती, त्यामुळे बल्ब वगळल्याच्या गृहीतकाची गरज उरली नाही. जुन्या धुळीने भरलेली चिकटपट्टी पहिल्याच दिवशीच्या पंचनाम्यात होती. सांधे कुणी उकललेच नव्हते. सदोष मनुष्यवध आणि पुरावा नष्ट केल्याचा गुन्हा, असं दोषारोपपत्र गेलं. मयताचा भाऊ माझ्यावर चिडला. "मॅनेज झालात साहेब," असं तोंडावर म्हणाला. मी राग मानला नाही. त्याचा सख्खा भाऊ गेला होता.

खटला चालला. आरोपीने फारसा बचाव केलाच नाही. त्याचा वकील वैतागून मला म्हणाला, "अहो, हा गडी मलाच सांगतो, माझी बाजू जास्त मांडू नका." त्याला शिक्षा झाली. ती त्याने मान खाली घालून ऐकली.

निकालाच्या दिवशी मयताची बायको कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर बसली होती. समोरच्या बाकावर आरोपीची बायको बसली होती. दोघींच्या मध्ये एवढीशी जागा, पण नजर कुणाची उचलत नव्हती. मी धनगराच्या बायकोपाशी जाऊन थांबलो. काय बोलावं सुचेना, म्हणून कामाचंच बोललो. "बाई, वर अपील करायचं असेल तर सरकारी वकिलांना भेटा. तुमच्या दिराचं म्हणणं आहे की शिक्षा कमी झाली."

"त्येचं म्हननं असू द्या," ती म्हणाली. मग अगदी शांतपणे म्हणाली, "साहेब, त्या दिशी तुमी समदं उकलून दावलंत. चांगलं केलंत. पन एक सांगू? त्यानं जानून मारलं असतं तर मला बरं पडलं असतं. राग धरून तरी जगली असती म्या. आता राग कुनावर धरायचा, सांगा. तिच्यावर?" तिने समोरच्या बाईकडे हनुवटी उचलली. "तिची लेक अनवानी जाती, माजा मानूस अनवानी गेला. कुनावर धरायचा?"

मी टोपी हातात घेऊन उभा राहिलो. एवढ्यात शिपायाने दुसऱ्या खटल्याचा पुकारा केला आणि मी आत गेलो.

त्यानंतर नोकरीत मी तपासाची एक सवय बदलली. आम्हा पोलिसांना शिकवलेलं असतं की माणसाचा हेतू काय होता ते शोधा, आणि त्याला काय माहीत होतं ते शोधा. मी एक तिसरा प्रश्न विचारू लागलो: तुला कशाची खात्री होती? वाईट हेतूची माणसं मला नोकरीत भेटली, पण फार थोडी. ज्यांनी खरोखर नुकसान केलं ती बहुतेक खात्रीची माणसं होती. गाडी उतारावर न्यूट्रलमध्ये घालून डिझेल वाचतं अशी खात्री असलेली. पोहता येणाऱ्याला धरणाचं पाणी काही करत नाही अशी खात्री असलेली. एकदा स्वतःवर करून बघितलं की झालं, असं त्यांना वाटतं. आपण चप्पल घालून बघितलं आणि दुसरा अनवाणी येणार आहे, हे त्यांच्या ध्यानात येत नाही. माझ्याही आलं नसतं.

व्होल्टला करंटने भागलं की रोध, आणि गुणलं की वॅट. एवढंच गणित होतं. कुणाच्या तरी तोंडून ते वेळेवर त्या बांधापर्यंत पोचलं असतं तर दोन घरं शाबूत राहिली असती. गुन्ह्याचा तपास लावला, आरोपी शोधला, योग्य कलम लागलं; माझ्या खात्याच्या दृष्टीने ते प्रकरण व्यवस्थित पूर्ण झालं. पण राग कुणावर धरायचा, हे त्या बाईने मला विचारलं होतं, आणि निवृत्त होऊन घरी बसलो तरी तिला सांगण्यासारखं नाव मला सापडलेलं नाही.